भेटवही

वही खिळ्याला, पेन वहीला, दोन्ही सुतळीनं बांधलेले.
जमादार येतात पंधरा दिवसांनी,
कधी महिन्यानं, मग मागच्या तारखाही भरतात.
"काय म्हन्ते गाव, पाटीलबाई?"
"बरं हाय."
अकरा वर्षं पोलीस पाटील आहे मी.
माझ्या 'बरं हाय'वर त्यांची सही वाळते.

नागपूरहून एक मुलगी आली, तक्ता घेऊन.
पोलीस आणि माणूस वर्षात किती वेळा
समोरासमोर येतात, ते मोजत होती.
शहराचं झालं, म्हणाली: सिग्नल, नाकाबंदी,
पासपोर्ट, मिरवणुका.
तिथं खाकी रोज दिसते, चेहरा आठवत नाही.
आता गावाचं.

मी बोटं मोडली.
पोळ्याची शांतता बैठक. मतदान.
विहिरीत सापडलेला, कुणाचाच न निघालेला माणूस.
देवमन कुयट्याचा मोटारपंप, तो नाहीच सापडला.
तेलरांध्यांच्या धुऱ्याचं भांडण, तेव्हा चहा पिऊन गेले.
"म्हणजे महिन्याला दोन," तिनं चौकट भरली.

मग नाल्यापलीकडे पेन्सिल दाखवली.
"तिकडं कोण राहतं?"
"बेडा हाय. पारध्यांचा."
"त्यांचं किती लिहू?"

तिथं खिळा नाही.
तालुक्यात कुणाच्या गळ्यातलं जावो,
कुणाच्या गोठ्यातली बकरी,
जीप दिवे विझवून नाल्यात उतरते.
मला उठवतात. साक्षीला मी लागते.
टॉर्च माझ्याच हातात असतो.
सुरमाबाई बाहेर येते, काही विचारायच्या आधी
कडेवरच्या पोराला खाली ठेवते.
तीन वर्षांचं आहे.
उजेड पडला की दोन्ही तळवे पुढं करतं.

सकाळी जमादार म्हणतात,
"काही निघालं नाही, जाऊ द्या."
मी जाऊ देते. त्या तारखेला वही कोरी असते.

मुलगी थांबली होती.
नाल्यात पाणी नव्हतं, पाच मिनिटांची वाट,
तिची एसटी साडेचारची.
"आता कोनी नसन तिथं," मी म्हटलं,
"कापूस वेचाले गेले असतीन."
खोटं नव्हतं.
चुलीचा धूर मात्र दिसत होता, मला.

ती गेल्यावर टॉर्चचे सेल काढून उन्हात ठेवले.
तापले की आणखी आठवडाभर चालतात.
ठरवलं, परत घालायचे नाहीत.
अंधार पडायच्या आत घातले.