एक अक्षर आणि स्पेस

कुताइसीत, रिओनी नदीच्या पुलाअलीकडे
गुलिकोचं औषधांचं दुकान.
प्रिंटर अडला म्हणून मला बोलावलं होतं.
प्रिंटरला काही झालं नव्हतं,
आत कागद तिरका बसलेला.

निघता निघता पाहिलं, ती औषध कसं शोधते:
चष्मा कपाळावरून नाकावर,
मग सरकारी यादीचं लांबलचक नाव, एका बोटाने,
मग पान उघडायची वाट,
मग पानातली चौकट,
मग कुठे औषध.
तोवर काउंटरपाशी ओतार खोकतोय,
त्याच्यामागे एक बाई, कडेवर तापलेलं पोर.

म्हटलं, दहा मिनिटं द्या.

सेटिंग्जमध्ये खोल आत एक पान असतं,
तिकडे सहसा कुणी फिरकत नाही.
तीन चौकटी: नाव, अक्षर, पत्ता.
पत्ता मी यादीवरूनच उचलला.
त्याच्या शेपटाला मघाचं ॲस्पिरिन अडकून होतं,
ते खोडलं आणि तिथे ठेवलं
टक्क्याचं चिन्ह, त्याला चिकटून एक एस.
"हे काय?"
"रिकामी जागा. तुम्ही लिहाल ते इथे येऊन बसेल."
"शाळेत असायचं तसं," ती म्हणाली,
"रिकाम्या जागा भरा.
मला त्यात पैकीच्या पैकी."

अक्षर तिनेच निवडलं. त्स.
त्सामाली म्हणजे औषध.
कीबोर्डवर ते डब्ल्यूच्या घरात राहतं.
पण भाषा बदलायची विसरली, इंग्रजीच राहिली,
तर ब्राउझर त्सला ओळख देणार नाही.
म्हणून दोनदा नोंदवलं,
एकाच घराला दोन दारं.

त्स, स्पेस, औषधाची पहिली चार अक्षरं, एंटर.
ती मागच्या लाकडी कपाटाकडे वळली.
तेहतीस अक्षरांचे तेहतीस खण,
एका अक्षराचं औषधच नाही,
त्या खणात सूर्यफुलाच्या बिया.
"म्हणजे हेच की," ती म्हणाली,
"फक्त गुडघे वाकवायला नकोत."

मग तिला चटक लागली.
लहान मुलांच्या डोसाला एक अक्षर.
बसच्या वेळांना एक.
लारीचा भाव युरोत किती, त्याला एक.
ओतार खोकायचा थांबून मान लांब करून बघत होता,
पोर झोपलं होतं.

"अजून एक," ती म्हणाली, आणि कागदावर लिहिलेला
पत्ता पुढे सरकवला. हातात धरून धरून मऊ झालेला.
इटलीतल्या बारीचा एक चौक,
खांबावरचा कॅमेरा, दिवसरात्र चालू.
मी सवयीने टक्क्याचं चिन्ह टाकायला गेलो.
"ते नको," ती म्हणाली.
"मला तिथे शोधायचं नाही काही.
बघायचंय नुसतं."

अक्षर थ. थेओनाचं.
"त्याला शिफ्ट लागते," मी म्हटलं, "दोन बोटं."
"लागू देत."

इथे सात वाजलेले, तिथे पाच.
दगडी फरशी, ताडाचं एक झाड, कबुतरं,
व्हीलचेअर ढकलत जाणारी कुणी बाई.
"ती का?" मी विचारलं.
"छे. आमची इतकी हळू चालत नाही."
पण व्हीलचेअर कोपऱ्याआड जाईपर्यंत
तिने दुसरी किल्ली दाबली नाही.

मग ओतारने काउंटरवर नाणं वाजवलं.
त्स, स्पेस.

पैसे मी घेतले नाहीत, बियांची पुडी घेतली.
रात्री घरी, का कोण जाणे,
माझ्या ब्राउझरमध्ये थ लिहिलं, एंटर दाबलं.
त्याला थ म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं.
तो बिचारा जगभर हिंडून आला
आणि माझ्यापुढे ओतली
दोन कोटी सत्तर लाख उत्तरं.