बियाण्याची भेंडी

वास्को, मांगोर हिलचा उतार, चौथा मजला आणि वर गच्ची.
मासळी बाजारातून मागून आणलेली
थर्माकोलची अकरा खोकी.
सुरमईचा वास जायला पंधरवडा लागला,
मांजरांची आशा सुटायला महिना.

माती कुंकळ्ळीची, मेहुण्याच्या पिकअपमधून आलेली,
घमेल्याघमेल्याने वर चढवलेली.
सेक्रेटरी केंकरे जिन्यात आडवे झाले,
"वहिनी, स्लॅब गळला तर?"
म्हटलं, "गळला तर पहिली भाजी तुमच्या छताला."
हसले नाहीत.
दुसऱ्या दिवशी दारावर नोटीस,
सही, शिक्का, सगळं.

वारा बंदरावरून सुटला
की पानापानावर काळी पूड.
कोळसा दुसऱ्याच कुणाच्या भट्टीचा,
जाता जाता माझ्या तांबड्या भाजीला
हात लावून जातो.
सकाळी जुन्या पंचाचा तुकडा भिजवून
मी एकेक पान पुसते,
पोराचं नाक पुसावं तशी, जरा रागानेच.
आणि चिरण्याआधी तीन पाणी.
पहिलं काळं. दुसरं राखाडी.
तिसऱ्यात उतरतो
पानांचा स्वतःचा रंग.
तिसरं पाणी झाडांना परत.

भेंडीचं बी मात्र इस्पेरान्साचं,
तळमजल्यावरच्या.
वीजबिलाच्या पाकिटात, राखेत घोळवलेलं,
वर रोमी अक्षरांत तिचा हुकूम:
सात शिरांचे. पावसात पेर. घाई करू नकोस.
दोन दिवसांनी ती स्विंडनला गेली,
मुलाकडे, नातवंडं राखायला.
चावी माझ्याकडे राहिली,
आणि तिच्या खिडकीतली बिनझाडाची कुंडी.

ती भेंड्यांत सुकी सुंगटं घालायची,
वरून चमचाभर व्हिनेगर.
सोमवारी आमचं शिवराक,
मी मंगळवारची वाट बघायचे.
आता मी आमच्यासारखीच करते,
खोबरं, धणे, दोन सुक्या मिरच्या,
आंबटाला बिंबलं.
सगुण ताटावर बसून हिशेब मांडतो,
खोकी फुकट, पण माती, डिझेल,
एप्रिलातला अर्धा टँकर...
"ही एकेक भेंडी चाळीस रुपयांना पडली गो."
आणि वाटी पुढे करतो.

रविवारी तिचा फोन.
आधी विचारते, "फुलली?"
माझे गुडघे नंतर.
मी फोन खोक्यावर धरते,
पिवळं फूल, पोटात किरमिजी डाग.
पलीकडे स्वेटरमधला नातू
इंग्रजीत काहीतरी विचारतो,
ती त्याला दटावते,
"फूल न्हय रे, जेवण."

यंदा तिसऱ्या झाडाची सगळ्यात सरळ शेंग
मी राखून ठेवली.
ब्लाउजच्या कापडाची लाल चिंधी बांधली,
म्हणजे सगुणला कळावं. मलाही.
ती कोवळी होती तोवर
रोज तिच्याशी भांडण.
एक दिवस तर पावसाने बाजारच उठला,
घरात दोन बटाटे,
झाडांवर धरून चार भेंड्या,
तिला धरून.
विळी हातात, हात चिंधीपर्यंत.
टाकीवरून पाणी ओघळत होतं,
आणि मी उगाचच
कुणीतरी बघतंय का, म्हणून मागे पाहिलं.

तीनच कापल्या.
बटाटे जरा मोठे चिरले.

मग ती निबर झाली, पिवळी पडली,
शिरा लाकडासारख्या.
चुलीला निरुपयोगी झाली
तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला.
आज हलवून पाहिली,
आत खुळखुळतंय.

राख आहे, देवळाच्या वाटेवरच्या भट्टीवाल्याकडून आणली.
पाकीट नाही.
वीजबिल आता फोनवर येतं.
कपाटं धुंडाळली, खण उपसले,
जुन्या पत्रिका तेलकट, वर्तमानपत्र पातळ.

केंकऱ्यांची नोटीस
बऱ्यापैकी जाड कागदावर आहे.