काढणं

किसुमूच्या कॉलेजात, सोमवारी, दुपारी दोनला
उगालीने जड झालेले डोळे, आणि फळ्यावर
माझंच जुनं अक्षर: नमुना निवड.
बत्तीस जण व्याख्या उतरवून घेत होते
ताप उतरावा तशी,
मागे काही न ठेवता.

मी व्याख्या पुसली.
म्हटलं, वह्या मिटा. हे घ्या कागद,
निवडणुकीच्या उरल्या पत्रकांची कोरी पाठ.
तुमचं संशोधन काढा.
"काढा म्हणजे, मॅडम?"
काढा म्हणजे काढा. चित्र.

हशा. मग बाकांची कुरकुर.
बाराव्या वर्षी चित्रं सुटतात यांची,
पुढे नुसते निष्कर्ष काढतात.

न्यांगवेसोने पाण्याचा नळ काढला, पुढे बायांची रांग,
प्रत्येकीजवळ पिवळा कॅन.
विचारलं, यात तू कुठे आहेस?
तो कागदाकडे बघत राहिला
खिसे चाचपणाऱ्या माणसासारखा.
मग अगदी कडेला एक खांब उभा केला. टोपीवाला.
हातात काय?
"फॉर्म."
बायांना तू दिसतोस?
त्याने खोडरबर घेतलं आणि एकेकीची मान
थोडी थोडी त्याच्याकडे वळवली.
रांग मोडली तिथेच.
दोघी कुजबुजू लागल्या,
एक तर कॅन उचलून निघूनच गेली,
तिच्या जागी नुसता खोडल्याचा डाग.

अपोंडीने प्रश्नावली काढली जाळं म्हणून.
पट्टीने आखलेले चौकोन,
आत मासे, सगळे एका मापाचे, हसरे.
मला आवडलं. वर धरून वर्गाला दाखवलंही.
तेव्हा शेवटच्या बाकावरून ओगोला उठला,
सत्रभर हजेरीपुरतं बोलणारा,
ज्याचा बाप रात्री तलावात कंदील सोडून ओमेना धरतो.
"मॅडम, हिच्या जाळ्यात ओमेना येणार नाही."
का रे?
त्याने करंगळीचं नख दाखवलं.
"मासा एवढा. भोक एवढं मोठं.
तो निघून जाईल, आणि ही घरी जाऊन लिहील,
तलावात ओमेना नाही."

कोणी हसलं नाही.
मला माझ्या प्रबंधातला तक्ता आठवला, चौथा.
कामावर जाणारी मुलं: शून्य.
मी बापांना विचारलं होतं. दिवसा.
शेजारी गावचा चीफ खुर्ची टाकून बसलेला.
त्या शून्यावर मला पदवी मिळाली,
आणि शून्य किती गोल काढलं होतं मी.

अपोंडी चौकोनांत चौकोन आखत सुटली,
बारीक, आणखी बारीक,
जाळं काळं पडेपर्यंत.
"आता?"
ओगोलाने मान हलवली.
"आता पाणीच निघणार नाही यातून. ओढशील तर फाटेल."
मग खाली बघत, जणू घरातली गोष्ट सांगावी तसा,
"बाबा चंद्र बुडायची वाट बघतात.
उजेडात ओमेना कंदिलाकडे येत नाही."

हे कुठल्या प्रकरणात येतं मला माहीत नव्हतं.
अपोंडीने पेन्सिल आडवी धरली
आणि अख्खा कागद घासला, कडेपासून कडेपर्यंत,
मध्ये कंदिलापुरतं पांढरं ठेवून.
वीज तेवढ्यात गेली, पंखा थांबला,
घंटा काही झाली नाही, तरी सगळे उठले.

संध्याकाळी कपडे भिजवताना
बाहीवर राखाडी डाग दिसला.
कागद गोळा करताना लागला असणार.
साबण हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.