रकाना

बेरातमध्ये, ओसुम नदीच्या पलीकडच्या चढावर,
दुपारी मी त्या घरी पोहोचलो.
हातात जनगणनेचा टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र,
पोटात आधीच्या अकरा घरांची कॉफी.

द्रांदोफिले. वय त्र्याहत्तर. विधवा.
खोल्या दोन, चूल लाकडाची.
कोंबड्या मोजायच्या नसतात,
तरी तिने सहा सांगितल्या.
मुलगा?
मारेंग्लेन, ती म्हणाली, आणि माझ्या भुवया बघून हसली.
मार्क्स, एंगल्स, लेनिन. एकाच बाळात तिघं कोंबले.
तेव्हा नावं अशीच ठेवायची असत.
आता तो सालोनिकात फरशा बसवतो,
तिथं त्याचं नाव मारिनोस.
कामासाठी बाप्तिस्मा घेतला.
पाणी फार गार होतं म्हणाला.

मग तो रकाना आला.
धर्म.
सांगायलाच हवं असं नाही, मी घाईघाईने म्हटलं.

सदुसष्टच्या आधीचा विचारतोस की नंतरचा?
बाप बेक्ताशी, ऑगस्टात मेंढा घेऊन तोमोरीवर चढणारा.
आई ऑर्थोडॉक्स, उरलेला मेंढा शिजवणारी.
आणि सदुसष्टात मी सतरा वर्षांची.
शाळेने रांगेत नेलं.
वरच्या आळीतल्या मिनाराला दोर बांधून ठेवला होता.
मी ओढला.
कुणी बळजबरी केली नाही, हेही लिही.
आम्ही गात होतो, दोर तळव्यात रुतत होता.
माझ्या मागे तिसरी हायरिये,
बांग देणाऱ्याची मुलगी.
तीही ओढत होती.
तोंड उघडं, आवाज नाही.
वर करकोच्यांचं घरटं होतं.
ते दोन दिवस
रिकाम्या हवेभोवती फिरत राहिले.

पुढे सोतिरशी लग्न झालं, या घरात आले,
तर भिंतीपलीकडे कोण? हायरियेच.

सासू ईस्टरच्या आदल्या रात्री
खिडकीला घोंगडी लावून
कांद्याच्या सालीत अंडी रंगवायची. चारच.
लाल टरफल कचऱ्यात सापडलं की माणूस खाणीत.
सोतिरचा मामा गेलाच तसा,
आणि चुगली केली ती त्याच्याच मावसभावाने.
दोघांचा बाप्तिस्मा एकाच हौदात झालेला.
मी टरफलं भिंतीवरून हायरियेला द्यायची.
ती कुटून कोंबड्यांना घालायची.
कोंबड्या कुणाला काही सांगत नाहीत.

रमजानात शाळेत मुद्दाम दूध वाटायचे,
कोण पीत नाही ते हेरायला.
तिच्या बेसिमचा पेला
माझा पोरगा बाकाखालून घ्यायचा आणि गटागटा रिकामा करायचा.
मार्क्स, एंगल्स, लेनिन,
तिघांनी मिळून बेसिमचा रोजा सांभाळला.
गालही चांगले वर आले त्याचे.

आणि तो दोर? मी विचारलं.

दोराचं आम्ही काढत नाही.
एकदाच निघालं. राजवट गेल्यावर
नवा मिनार उभा राहिला, पैसा बाहेरून आला,
झाला जरा जास्तच उंच.
हायरिये मान वर करून बघत राहिली, म्हणाली,
याला आपला दोर पुरायचा नाही गं.
तेवढंच. मग आम्ही मिरच्या निवडायला बसलो.

आजी, रकान्यात काय लिहू?

शेजार लिही, ती म्हणाली. मग पुढचं बघू.

यादीत शेजार नव्हता.
मी वर गेलो, खाली आलो,
शेवटी 'उत्तर नाही' वर बोट ठेवलं.
पडदा हिरवा झाला, जणू सगळं जुळलं.

निघताना तिने दोन अंडी माझ्या हातावर ठेवली.
एक तुझं, एक पलीकडे दे.
भिंत आता मला चढवत नाही.

पलीकडचं दार लोटलेलं होतं.
मी ओळखपत्र सरळ केलं, खाकरलो.
नाव विचारायच्या आधीच आतून आवाज:
किती सांगितल्या तिने कोंबड्या?
सहा?
खोड आधी ते.
त्यातल्या दोन माझ्या आहेत.