उजव्या कोपऱ्यातली सही

अशोकनगरच्या शेवटच्या स्टॉपपाशी
मोबाइल दुरुस्ती आणि पानटपरीच्या मधोमध
नऊ बाय सातचं सलून.
नेहमीचा न्हावी गावी गेलेला, म्हणून इथे आलो.
डिसेंबरातली नाशिकची थंडी,
फवाऱ्याचं पाणी मानेवर पडलं
आणि तोंडातून वडिलांचा आवाज निघाला.

आरशात पांढरं कापड, त्यावर माझं डोकं.
मागच्या भिंतीवर सप्तशृंगी, दरपत्रक
आणि चौकटीतली एक पदवी.
अक्षरं उलटी होती,
तरी खालच्या कोपऱ्यातली सही ओळखली.

प्र. त्र्यं. कडलग, कुलगुरू.
त्र्यं म्हणजे त्र्यंबक, कालव्यावरचे पाटकरी.
पगाराच्या रजिस्टरवर अंगठा उठवून
तो धोतराला पुसत घरी यायचे.
त्यांचं नाव सहीत घालायचं
हे मी चौथीतच ठरवलं होतं.

निमाणीहून पहाटेची पेठ गाडी,
सावळघाटात खिडकीला डोकं लावून बसलेली पोरं.
तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र.
प्रयोगशाळेत गॅस नव्हता,
स्पिरिटच्या दिव्यांवर क्षार ओळखायचो
आणि ओळखू यायचे.

मग कायम झालो. मग प्राचार्य.
मूल्यांकन समिती आली तेव्हा
कुंड्या भाड्याने आणल्या, झाडांना गेरू लावला.
शोधसमितीपुढे पाच मिनिटं भविष्याबद्दल बोललो,
आणि मग बंगला, मोटार, दारावर पितळी पाटी.
सिनेटमध्ये माइक हिसकावणारे,
गेटबाहेर सतरंजीवर झोपलेली मुलं,
त्यांच्याकडे पाठवलेला चहा
तसाच परत आला.

पहिल्या वर्षी पदव्यांवर हाताने सह्या केल्या,
मनगटाला पट्टी बांधून.
दुसऱ्या वर्षी आयटीतल्या मुलीने
कोऱ्या कागदावर एकदाच सही घेतली.
"सर, आता तुम्हाला त्रास नाही."
त्यानंतर ती माझ्याशिवाय हिंडली,
सुरगाण्यात, सटाण्यात, इथे.

"बी.ए. आहे मी," तो म्हणाला.
माझी नजर आरशात त्याला दिसली असणार.
"गोरख सैंदाणे. राज्यशास्त्र.
पण निकाल अकरा महिने लटकला, काका.
पेपर तपासायचं कंत्राट का काय ते.
पोलीस भरतीला तेवढा कागद पाहिजे होता.
तोवर वय निघून गेलं."

हे तो रागाने बोलला नाही.
ज्या आवाजात विचारलं होतं, कल्ले ठेवू का,
त्याच आवाजात.

ती फाइल मला आठवते.
गुलाबी दोरी, सगळ्यात कमी दराची निविदा,
परीक्षा नियंत्रकांचं अर्धं पान भरून 'परंतु'.
मी ते वाचलं होतं.
वाचून हिरव्या शाईत लिहिलं,
'तातडी लक्षात घेता मान्यता.'
पुढे पत्रकारांना तीनदा सांगितलं,
तांत्रिक अडचण आहे.
अडचणीला चेहरा असतो,
तिला बारीक मिशी असते, डाव्या हाताला दोरा असतो,
हे टिप्पणीत कुणी लिहिलं नव्हतं.

त्याने नवं पातं माझ्यासमोर मोडलं,
अर्धं वस्तऱ्यात घातलं.
"मान वर करा."
केली.

सांगावं असं वाटलं. खरंच वाटलं.
पण वस्तरा गळ्यावर असताना
माणूस बोलत नाही,
आणि वस्तरा उचलल्यावर
बोलायचं राहून जातं.

"काय करायचे काका तुम्ही?"
"मास्तर होतो."
"कुठे?"
"पेठला."
यात खोटं काही नव्हतं.

ऐंशी रुपये झाले. शंभराची नोट दिली, राहू दे म्हणालो.
त्याने वीस मोजून परत हातात ठेवले.
माझ्या मानेवरचे केस फडक्याने झाडले
आणि त्याच फडक्याने, सवयीने असेल,
चौकटीची काच पुसली.

खाली, उजव्या कोपऱ्यात,
एक पांढरा केस चिकटून राहिला.
मी चपला घातल्या.