हौशी

व्हर्ना लिंडक्विस्ट, नेब्रास्का.
कागदोपत्री हौशी,
म्हणजे पदरमोड तिची, तिकीटविक्री क्लबची.

एक्कावन्नचा उन्हाळा.
धान्याच्या गोदामातून तीन आठवड्यांची बिनपगारी रजा,
मागच्या सीटवर उकडलेली अंडी, दोन रॅकेटी,
आणि प्लिमथच्या चाकावर मी, अठरा वर्षांचा भाऊ.

आमच्याकडे सिमेंटचं कोर्ट. भेगांतून गवत यायचं.
पूर्वेला कोर्टच गवताचं.
चेंडू उसळतच नाही, म्हणाली,
तळ्यावरून चपटी खापरी जावी तसा सरकतो.
तिसऱ्या दिवसापासून ती गुडघे वाकवूनच चालायची,
जेवणाच्या टेबलापर्यंतसुद्धा.

टेबलावर प्रत्येकी चार काटे.
समोरचीचं मनगट वाचावं
तशी ती यजमानीणबाईंचा हात वाचायची.

उपांत्यपूर्व फेरी. तिसरा सेट, पाच-चार,
तिचा फटका रेषेवर.
खडू उडाला. मी पाहिला.
पंच म्हणाले, बाहेर.
व्हर्नानं मान हलवली,
गाडीचं वजन लिहून घेताना हलवायची, तशी.
त्यानंतर एकही गेम नाही.

बक्षीस: दुकानाची चिठ्ठी, पंचवीस डॉलरची.
रोख घेतलं तर हौस संपते, असा नियम.
आईला निळा स्वेटर आला.
तिनं तो कधी घातला नाही, पाहुण्यांना दाखवला.

पुढच्या वर्षी रजा मिळाली नाही.

परवा ती मटार सोलत होती.
मी विचारलं, खडू उडाला होता ना गं?
"उडाला होता की," म्हणाली,
शेंगेतून अंगठा फिरवत,
"पण काटा त्यांचा होता."