पंचवीस मिली

लिटरला पंचवीस मिली ऑइल.
लॅबमधून बाद झालेलं मोजपात्र मी घरी आणलंय,
काठाला टवका उडालेलं.
त्यात ते हिरवं तेल ओतते, डोळ्यांच्या रेषेत धरून,
जसं दिवसभर लोकांचं सीरम धरते.
शाल्मली म्हणते, आई, अंदाजाने टाक ना, सगळे टाकतात.
सगळ्यांचे पिस्टन जाम होतात, मी म्हणते.

पासष्ट सीसीची गाडी. कोल्हापूरच्या एका मुलाला लहान झाली
म्हणून आमच्याकडे आली, थोरल्याच्या गणवेशासारखी.
टाकीवर त्याचा एकशे चौदा नंबर,
खरवडूनही न गेलेला.

आता म्हणे हिच्या इंजिनाचं काहीतरी करायला हवं.
लोणीकंदच्या ट्रॅकवर सातवी, पुन्हा सातवी, मग नववी.

माझा भाऊ विश्राम, जो आयुष्यात एकच रेस जिंकला
आणि ती रोज जिंकतो, जेवताना,
म्हणाला, किट टाक. बहात्तर सीसी.
सिलिंडर, पिस्टन, हेड, सगळं नवं. बावीस हजार.
अर्धे मी देतो.
(त्याचे अर्धे मला माहीत आहेत.)
शेजारच्या तंबूतले चोरडिया म्हणाले, सायलेन्सर बदला,
पोट फुगलेला, बाहेरचा. वरच्या गिअरला असा ओरडतो,
बघत राहाल.

नाना पेठेत हनीफ आत्तारांच्या गाळ्यात
दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर बसायचं.
मी पायरीवर बसले, वही उघडून.
किट टाकलं तर पासष्टच्या वर्गातून नाव कटणार, आत्तार म्हणाले,
हिला मोठ्या पोरांत उतरवायचंय?
कोण मोजतंय, विश्राम म्हणाला.
मी मोजतेय.
मग पोर्ट घासून देऊ? देतो. पण ताई,
घासलं ते घासलं. धातू परत भरत नाही.
आणि त्यांनी स्वतःचा डावा अंगठा दाखवला, नखापासून वर नसलेला.

मग त्यांनी शाल्मलीला विचारलं.
आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं,
हे मला तिथे, पायरीवर, कळलं.
ती एका उघड्या क्रँककेसमध्ये बोट फिरवत होती.
म्हणाली, टेबलटॉपनंतरच्या डाव्या वळणावर
ती एकदम अशी होते
(आणि तिने श्वास अडवून दाखवला)
मी मूठ पिळते, ती ऐकते, पण उशिरा.
तोवर दोघं पुढे गेलेले असतात.
वर ती चांगली आहे.
वर मला थोडी भीतीपण वाटते.

भीती.
हनुवटीला चार टाके पडले तेव्हाही
हा शब्द तिने काढला नव्हता.
विश्राम समोरच्या टायरच्या दुकानाकडे बघू लागला.

आत्तारांनी रीड वाल्व्ह सोडवला, ट्यूबलाइटकडे धरला.
चार पात्यांपैकी एकाचा कोपरा गायब, तांदळाच्या दाण्याएवढा.
तुकडा गेला कुठे?
गिळला, ते म्हणाले, आणि धुरातून सोडला. पोरच आहे ती.

नवी पाती, मागे एक दात मोठं स्प्रॉकेट.
सव्वाचार हजार, चहा धरून.
विश्रामने त्याचा चहा तसाच ठेवला.

रविवारी संपल्यावर मी प्लग काढला, गार होऊ दिला,
कापसात गुंडाळून सोमवारी पेठेत नेला, सँपल नेतात तसा.
काळा असेल तर जास्त पितेय, पांढरा असेल तर जळतेय,
आत्तारांनी बजावलं होतं, खारीच्या रंगाचा हवा.
वहीत लिहिलं:
सहावी. डावं वळण ठीक.
प्लग खारी, एका कडेला जरा करपलेली.

अजून एक गोष्ट आहे, ती वहीत नाही.
वळताना तिचे गुडघे हँडलला लागायला लागलेत.
मी दुर्बिणीतून पाहिलं.
विश्रामला सांगितलेलं नाही, आत्तारांनाही नाही,
आणि तिला तर मुळीच नाही.